कासेलच्या पोस्टाचं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी पत्रं वाचते. माझी नोकरीच ती. सिनेटर रॉल्फ ऑस्टबी यांच्या वॉशिंग्टनच्या कार्यालयात नॉर्थ डकोटातून रोज दोन-तीनशे पत्रं येतात. ती वाचायची, यंत्रात विषयाचा क्रमांक घालायचा आणि त्या क्रमांकाचं तयार उत्तर पाठवायचं. तयार उत्तरं दोनशे बारा आहेत. पीकविमा १४, पवनचक्क्या ३१, पत्ता बदलला १९०. "राग आला आहे, कारण दिलेलं नाही" यालाही क्रमांक आहे, २०९.

दुसरं काम कार्डांचं. सिनेटर कुणालाही भेटण्याआधी त्यांच्या हातात एक छोटं कार्ड द्यायचं. त्यावर माणसाचं नाव, गाव, घरात कोण कोण आणि दुखणीखुपणी. ग्रेचेन मेल वीस वर्षं हे कार्यालय चालवतात. त्या म्हणाल्या, "विसरभोळ्या शेजाऱ्याला लोक माफ करतात. विसरभोळ्या सिनेटरला नाही करत."

पण आज जे झालं ते कार्डाबिर्डाच्या पलीकडचं होतं. सिनेटर दारातून आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कासेलच्या टर्नेसची मुलगी ना तू? डुएनचा खांदा कसाय आता?" बाबांचा उजवा खांदा धान्याच्या कोठारात निखळला त्याला सहा वर्षं झाली. नोकरीच्या अर्जासोबतच्या निबंधात मी ते लिहिलं होतं, पण ते निबंध कोण वाचतं! हे माणसाचं मन आहे.

घरी फोन केला. आई म्हणाली, "अगं, तुझे बाबा कोठाराच्या शिडीवरून उतरून कुणाला भेटलेत कधी? सिनेटर आणि हे? काहीतरीच." आई विसरली असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज एक पत्र आलं. शाळेच्या जेवणाच्या तक्त्याच्या पाठीमागे लिहिलेलं. पुढच्या बाजूला सोमवार क्नेफला म्हणजे कणकेच्या गोळ्यांचं सूप, मंगळवार मक्याचे दाणे आणि मांसाची वडी. मागे हे:

"सिनेटर ऑस्टबी यांस. मी कासेलच्या शाळेची बस चालवते. सव्वीस वर्षं. एकही मूल पोचवायचं राहिलेलं नाही. माझी मुलगी ब्रिटा १८ जानेवारीला बिस्मार्कच्या रस्त्यावर गेली. बाळही. कासेलच्या इस्पितळातली बाळंतपणाची खोली सोमवार ते गुरुवार उघडी असते. तो शनिवार होता. गाडी मी चालवत होते. चौऱ्याण्णव मैलांपैकी एकसष्ट झाले होते. मला बाकी काही मागायचं नाही. ती खोली शनिवारी उघडी ठेवा. डोलोरेस हीन."

हीनबाईंच्या बसने मी बारा वर्षं शाळेत गेले. ब्रिटा शेवटच्या बाकावर असायची. ती गेल्याचं आईने सांगितलं होतं तेव्हा मी परीक्षेच्या निकालाच्या नादात होते. "अरेरे" म्हणाले आणि दुसऱ्या विषयावर गेले.

ग्रामीण इस्पितळांचा क्रमांक ८८. मी तो घातला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पत्र घेऊन ग्रेचेनकडे गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "कायद्याचा मसुदा कधी लिहिलायस?"

"नाही."

"मग शिक."

२१ मार्च, शुक्रवार

मसुदा झाला! सिनेटच्या मसुदा-वकिलांनी चार वेळा परत पाठवला, पाचव्यांदा ठेवून घेतला. पान दीडच आहे. जवळचं दुसरं इस्पितळ पन्नास मैलांहून लांब असेल, तर बाळंतपणाची खोली आठवडाभर चालू ठेवायला केंद्राने मदत करायची. कासेलसारखी देशात शंभरेक गावं तरी निघतील. ही मदत आली नाही तर वर्षअखेरीस आमची खोली सोमवार ते गुरुवारसुद्धा उघडी राहणार नाही. इस्पितळाच्या मंडळाने तसं ठरवलंय, असं आई म्हणते. आई तिथेच धुलाईत आहे. तिला मंडळाच्या आधी कळतं.

ग्रेचेन म्हणाल्या, "याला नाव दे. नुसत्या कलमाला कुणी विचारत नाही. मेलेल्या मुलीचं नाव असलं की चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा लोक थांबून ऐकतात."

परवानगीसाठी हीनबाईंना फोन केला. बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. बस गरम करायला लावली होती.

"कोण? डुएनची जनेल? टोप्यावाली?"

"हो, हीनबाई."

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव घ्या. पण त्या खोलीसाठी घ्या. दुसऱ्या कशासाठी नको. दगडावर एकदा कोरलंय, तेवढं बास."

"अर्थातच," मी म्हणाले.

"आणि पोरी, जेवतेस ना नीट? तिकडे सगळे धावत धावत सॅलड खातात म्हणे."

१४ मे, बुधवार

कलमावर समितीपुढे सुनावणी. हीनबाई आल्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत अलुबुखाराचं कूखन, म्हणजे आमच्याकडचा गोड केक, घेऊन आल्या, झाकणावर चिकटपट्टी लावून. सुरक्षेच्या पोऱ्याने बादली उघडायला लावली तर त्यालाच एक तुकडा देऊन आल्या.

कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून माणसं बघत होत्या. "इथे एवढी माणसं धावतायत, कुणाची बस चुकलीय?"

"समित्यांच्या वेळा असतात, हीनबाई."

"मग घरून लवकर निघावं."

त्यांना चार मिनिटं मिळाली. त्यांनी दोनच घेतली. कागद नव्हता. म्हणाल्या, "मी बसमध्ये चढताना मुलं मोजते आणि उतरताना मोजते. आकडा जुळला की दिवस संपला. अठरा जानेवारीला निघताना आम्ही तिघं होतो." आणि थांबल्या. समितीतल्या एकाने पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच धरून राहिला.

सिनेटर रडले. खरंच रडले, हातरुमाल काढून. मी त्यांच्या मागे बसले होते, मला मान दिसत होती, लाल झालेली. असं माणूस खोटं करू शकत नाही. नंतर त्यांनी हीनबाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "डोलोरेस, हा कायदा झाल्याशिवाय मी थांबणार नाही." संध्याकाळी त्याची फिल्म एक लाखावर लोकांनी पाहिली. कूखन मात्र तसंच राहिलं, कार्यालयात सगळ्यांनी गोड सोडलंय. मी तीन तुकडे खाल्ले.

२६ जून, गुरुवार

अडकलं. दक्षिणेकडच्या एका सिनेटरांनी हरकत घेतलीय. इथली रीत अशी की छोटं कलम कुणी मतांवर पास करत बसत नाही, तेवढा वेळच कुणाकडे नसतो. सगळ्यांच्या कार्यालयांना विचारतात, कुणाची हरकत? शंभरातल्या कुणीच हरकत घेतली नाही तर झालं. एकाने घेतली तरी बसलं. त्यांचं म्हणणं, खर्च फार.

पण मी निराश नाही. ते आणि आमचे सिनेटर दर बुधवारी प्रार्थनेच्या न्याहारीला शेजारी शेजारी बसतात, अठरा वर्षं. सिनेटर विषय काढतीलच. ग्रेचेनना विचारलं, काढला का? त्या म्हणाल्या, "न्याहारीला कामाचं बोलत नाहीत." बरोबर आहे. जेवायच्या वेळी असं बोलणं बरं दिसत नाही.

३० जुलै, बुधवार

काही नाही. आज २०९ क्रमांकाची चाळीस पत्रं.

९ ऑगस्ट, शनिवार

कासेल. सूर्यफुलं नुकती फुललीत. गावाच्या वार्षिक जत्रेला सिनेटर आले, मी मागे कार्डं घेऊन. दीड तासात नव्वद माणसं. प्रत्येकाच्या गुडघ्याची, गायीची, नातवाची चौकशी. लोक हरखून घरी जातात. कार्डं मी लिहिलेली, तरी त्यांच्या तोंडून ऐकताना मलासुद्धा खरंच वाटतं. पुढच्या वर्षी निवडणूक आहे.

बाबा आले नाहीत. कोठारावर होते.

ट्रीनाने स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता सांगितलं, तिला बाळ होणार. जानेवारीत. वीस तारीख. माझी धाकटी बहीण! तिचा नवरा पश्चिमेला तेलविहिरींवर, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी.

"सोमवार ते गुरुवारमध्येच जन्माला ये म्हणावं बाळाला," आई म्हणाली.

"नाहीतर मावशीचा कायदा आहेच," ट्रीना म्हणाली. "काय गं, कधी होतोय तुझा कायदा? डोहाळे पुरवायला कुणी एवढा वेळ लावत नाही."

मी म्हणाले, वर्ष संपायच्या आत. ठामपणे म्हणाले. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बटाट्यांकडे वळली.

हीनबाई भेटल्या. त्यांच्या बसमध्ये पूर्वी एकतीस मुलं असायची. येत्या वर्षी चौदा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज मला एक कल्पना सुचली आणि ती उचलली गेली! पहिल्यांदाच.

आठवड्याच्या बैठकीत ग्रेचेन म्हणत होत्या, कासेलचं अडलंय, तिकडे लोक विचारतात, काहीतरी दाखवायला हवं. माझ्या मनात आलं, हीनबाई सहा महिने वाट बघतायत. खोलीचा कायदा होईल तेव्हा होईल, तोवर त्यांना एखादी छोटी गोष्ट देता येईल. मी म्हणाले, कासेलच्या पोस्टाला ब्रिटाचं नाव देता येईल का? असली विधेयकं दर वर्षी कितीतरी होतात. राज्याचे दोन्ही सिनेटर राजी असले की त्याला कुणी आडवं येत नाही. खर्च म्हणाल तर एक पितळी पाटी.

ग्रेचेननी पेन खाली ठेवलं. "हे तुझं तुला सुचलं?"

"हो. म्हणजे तोपर्यंत. कलमाच्या बरोबरीने."

"कलमाच्या बरोबरीने," त्या म्हणाल्या. मग मला खाली कॉफीला घेऊन गेल्या. वीस वर्षांत त्यांनी कुणाला कॉफीला नेलेलं नाही, असं सगळे म्हणतात. म्हणाल्या, "तुझ्यात पुढे जायचे गुण आहेत."

हीनबाईंना सांगायचं नाही ठरलं. आनंदाचा धक्का द्यायचा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्या राज्याच्या एकुलत्या एका प्रतिनिधीने खालच्या सभागृहात पोस्टाचं विधेयक मांडलं. तिथे पास. दोन मिनिटं लागली. आमचं कलम वर्षअखेरीच्या मोठ्या विधेयकात घातलंय, पान ६१२. मी ते पान छापून भिंतीला लावलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ट्रीना म्हणते, पोटात बाळ बसच्या इंजिनासारखं घरघरतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ आडवं आहे, अजून फिरेल. सिनेटरांनी मला थांबवून विचारलं, "बहीण कशी आहे? जानेवारी ना?" मी त्यांना सांगितल्याचं आठवत नाही. ग्रेचेनना मात्र सांगितलं होतं.

११ डिसेंबर, गुरुवार



शेवटचा दिवस. सगळे सिनेटर विमान गाठायच्या घाईत, सभागृहाच्या दाराशी चाकांच्या बॅगांची रांग. दुपारी दोन वाजता विधेयकाची शेवटची प्रत आली. पान ६१२ वर मधमाश्यांविषयी काहीतरी होतं. मला वाटलं, पानं पुढेमागे झाली असतील. मी अकराशे चाळीस पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून.

ग्रेचेन म्हणाल्या, "काढलं. काल न्याहारीला ठरलं."

"न्याहारीला कामाचं बोलत नाहीत ना?"

त्यांनी दार लावलं. "हे बघ. दक्षिणेकडच्या त्या सिनेटरांनी हरकत मागे घेतली नसती तर आपल्या विमानतळाच्या पैशांचंही अडलं असतं, पोस्टाचंही. काहीतरी सोडावं लागतं. पोस्टाचं सव्वादोनला पास झालं, एकमताने. डोलोरेसला कायदा मिळाला, जनेल. तिच्या मुलीच्या नावाचा. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्यातल्या कितीजणांना मिळतो?"

"पण ते बरोबरीने होतं."

"एका कुटुंबाला एक," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला वाटलं, तुला ते माहीत आहे. तूच सुचवलंस."

मग म्हणाल्या, "चार वाजेपर्यंत निवेदन हवंय. तूच लिही. तू मनापासून लिहितेस."

मी लिहिलं. "नॉर्थ डकोटाच्या जनतेसाठी सिनेटर ऑस्टबी यांचं आणखी एक काम फळाला: ब्रिटा हीन यांच्या नावाचा कायदा मंजूर." त्यात एकही वाक्य खोटं नाही. दोनदा तपासलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

फोन करायचं काम माझ्यावर आलं.

"हीनबाई, कायदा झाला."

पलीकडे काहीतरी पडलं. "झाला? खोलीचा?"

"नाही. खोलीचं या वेळी राहिलं. पण आपल्या पोस्टाला ब्रिटाचं नाव दिलंय. राष्ट्राध्यक्षांची सही होईल. कायमचं."

"पोस्टाला?"

"हो."

"आपल्या पोस्टाला? हरवलेल्या कुत्र्यांच्या सूचना लावतात त्या?"

मी काहीतरी बोलत राहिले. सन्मान, स्मृती, एकमत असे शब्द वापरले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोस्ट शनिवारी उघडं असतं, नाही का गं?"

"हो. साडेनऊ ते साडेअकरा."

"हं," त्या म्हणाल्या. "मग ठीक आहे. थँक यू, पोरी. तुम्ही सगळ्यांनी खूप केलंत." आणि मुलांना सोडायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. घड्याळात पाहिलं. कासेलला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आईचा फोन. मंडळाचं मत झालं. आजच्या दिवसापासून खोली बंद. "त्या खोलीच्या चादरी धुतल्या, इस्त्री केली," आई म्हणाली. "कुठे ठेवायच्या ते कुणी सांगितलं नाही. अजून गाडीवरच आहेत."

मी माफी मागायला लागले. आई म्हणाली, "तू काय केलंस त्यात? तू तर लिहिलंस." आईच्या तोंडी लिहिणं म्हणजे अजूनही मोठी गोष्ट. मला ते सहन होईना.

२१ डिसेंबर, रविवार

ही वही पहिल्यापासून वाचली. २१ मार्चचं पान सापडलं. "त्या खोलीसाठी घ्या. दुसऱ्या कशासाठी नको." माझंच अक्षर. त्याखाली माझंच उत्तर, "अर्थातच."

मी ते लिहून ठेवलं आणि विसरले. त्या सप्टेंबरच्या बैठकीत ते एकदाही आठवलं नाही. मी हीनबाईंना काहीतरी द्यायच्या आनंदात होते.

१० जानेवारी, शनिवार

समारंभ. थर्मामीटर शून्याखाली चोवीस. पोस्टाच्या आतल्या एवढ्याशा जागेत साठ माणसं, ओल्या लोकरीचा वास. हीनबाईंनी सगळ्यांसाठी खजुराच्या वड्या करून आणल्या होत्या. स्वतःच्या मुलीच्या पाटीच्या कार्यक्रमाला. आमच्याकडे रिकाम्या हातांनी कुणी कुठे जात नाही.

सकाळी गाडीत कार्डांचा डबा लावत होते. हीनबाईंचं कार्ड मला लिहायचं होतं. "डोलोरेस हीन. मुलगी ब्रिटा." पुढे काही सुचेना. जुनं कार्ड असेल म्हणून सगळा डबा शोधताना 'ट' चाळला गेला. टर्नेस. बाबांचं असेल असं वाटलं.

माझं होतं. ग्रेचेनच्या अक्षरात.

"जनेल टर्नेस, कासेल. घरातली पहिली पदवीधर (याचा अभिमान आहे, उल्लेख करावा). वडील डुएन, कोठार, उजवा खांदा. आई इस्पितळात. बहीण ट्रीना, जानेवारी. पोस्टाची कल्पना हिचीच. डोलोरेसशी हिलाच बोलू द्यावं."

मी ते परत होतं तिथेच ठेवलं, अक्षरक्रमाने.

सिनेटर छान बोलले. पुन्हा डोळे भरले. मला आता वाटतं, ते दोन्ही वेळा खरेच भरले असतील. मला तेच कळेनासं झालंय. हीनबाईंनी कापड ओढलं. पाटी गावकऱ्यांच्या टपालपेट्यांच्या वरच्या भिंतीवर लावलीय, चकचकीत. ब्रिटा एलेन हीन पोस्ट ऑफिस. टाळ्या वाजल्या. हीनबाईंनी कापडाची घडी घातली, चार कोपरे जुळवून, आणि कुणाला द्यावी ते न कळून पर्समध्ये ठेवली.

ट्रीना कशीबशी उभी होती, पाठीला हात लावून. हीनबाई थेट तिच्यापाशी गेल्या. "कधी?"

"वीसला. पण बाळ अजून आडवं आहे."

"मंगळवारपासून वादळ येतंय. नवरा?"

"तिकडे विहिरींवर."

"सोमवारी पहाटे निघू. बिस्मार्कला मोटेलात राहू दोघी. मी चालवेन."

"अहो हीनबाई, तुम्ही कशाला," ट्रीना म्हणाली, आणि मग तिच्याही लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय ते.

"रस्ता मला माहीत आहे," हीनबाई म्हणाल्या.

१२ जानेवारी, सोमवार

मी परत वॉशिंग्टनला. घड्याळाकडे बघत पत्रांना क्रमांक घातले. ट्रीना फोनवर जे पाठवते ते जसं येतं तसं इथे उतरवते. "निघालो. दोघी आणि एक आत. हीनबाईंनी मोजलं." मग, "पन्नास मैल. बर्फ नाही." मग बराच वेळ काही नाही. मग, "एकसष्टाव्या मैलावर गाडी थांबवली. खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, मग परत आल्या आणि पट्टा लावला का विचारलं." आणि मग, "पोचलो. पुन्हा मोजलं."

१७ जानेवारी, शनिवार

मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली, दोघी ठीक. शनिवारी दुपारी एक वाजता. बाहेर वादळ होतं, रस्ता बंद. डॉक्टर म्हणाले, दोन तासांचासुद्धा उशीर झाला असता तर… हीनबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, पाच दिवस मोटेलात राहून. बाळ बघायला आत या म्हटलं तर म्हणाल्या, "काचेतून बघते." काचेतून बघितलं आणि मोटेलात परत गेल्या.

उद्या अठरा तारीख.

३१ जानेवारी, शनिवार

ट्रीना आणि तिचा नवरा कासेलला परतणार नाहीत. बिस्मार्कला खोली बघितली. "दुसरं झालं तर?" ट्रीना म्हणते. बाबा फोनवर आले, जे कधी येत नाहीत. म्हणाले, "बाळाला कोठार दाखवायचं होतं." मग खोकले आणि फोन आईला दिला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सिनेटरांचं वार्षिक पत्रक छापून आलं. नॉर्थ डकोटातल्या घराघरात जाईल. "तुमच्यासाठी केलेली कामं", सात. पाचवं पोस्ट. सोबत हीनबाईंचा फोटो, कापड ओढतानाचा.

त्याच गठ्ठ्यात त्यांचं पत्र होतं. माझ्या नावाने, पण कार्यालयाच्या पत्त्यावर. पुन्हा जेवणाच्या तक्त्यामागे. शिक्का हॉफेनचा होता. हॉफेन म्हणजे पलीकडचं गाव. मला वाटलं, तिकडे काही कामाला गेल्या असतील.

"जनेल,

ट्रीनाच्या मुलीचा फोटो मिळाला. नाक तुझ्या बाबांचं आहे, पण मोठी होईल तसं सुधारेल.

मला यापुढे हॉफेनच्या पोस्टात लिही, पेटी ३. कासेलची सोडली. बावीस मैल आहेत, पण रस्ता सरळ आहे आणि मुलांना सोडल्यावर मला काम नसतं. पाटी नेमकी माझ्या पेटीच्या वर लावलीय. पत्र काढायला वाकलं की वर तिचं नाव. लोक आत येतात आणि म्हणतात, ब्रिटात किती गर्दी आहे आज. ब्रिटा साडेअकराला बंद होते. वाईट मनाने नाही म्हणत, सवय झालीय.

तुझा राग नाही. तू लहानपणी बसमध्ये खाली पडलेल्या सगळ्या टोप्या गोळा करून पोरांच्या डोक्यावर घालायचीस. कधी कधी ज्याची त्याला जायची नाही, पण थंडी तर वाजत नसे.

एकच विचारायचं होतं. तुला माहीत असेल. नाव काढायचं झालं तर किती मतं लागतात?

डोलोरेस"

मला माहीत आहे. कायदा काढायला कायदाच लागतो. त्याच वाटेने जावं लागतं: एक पत्र, मग ग्रेचेन, मग मसुदा, मग दोन्ही सिनेटर राजी, मग शंभरातल्या कुणाचीच हरकत नको. असं कुणी मागितल्याची एकही नोंद मला दिवसभर शोधून सापडली नाही. मागितलं तर ग्रेचेन काय म्हणतील तेही माहीत आहे. निवडणुकीच्या वर्षात मेलेल्या मुलीचं नाव कोण पुसतं?

क्रमांक घातल्याशिवाय यंत्र पत्र पुढे सरकू देत नाही. पत्ता बदलला, १९०. त्याचं तयार उत्तर पहिल्या आठवड्यात मीच सुधारून लिहिलं होतं: "आपला नवा पत्ता आम्ही नोंदवला आहे. आपल्यासाठी काम करणं हा सिनेटर ऑस्टबी यांचा सन्मान आहे."

पाच वाजून गेले. सगळे गेले. पत्र पडद्यावर उघडं आहे, क्रमांकाची चौकट रिकामी. मी शाळेसारखा एक रेघांचा कागद घेतला आणि वर "प्रिय हीनबाई" लिहिलं. खाली लिहिलं, "शंभर."